गाडी, जपून

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

एखादी गोष्ट जपायची म्हणजे नेमकं काय करायचं? रविवारी तुझ्याकडून परतल्यापासून हा प्रश्न डोक्यात घोळतोय आणि मला त्याचं उत्तर देता येत नाही. घरातली पहिली पदवीधर, तीही यंत्रांचं शिक्षण घेतलेली, आणि एवढ्यावर अडले! आईला सांगितलं तर म्हणेल, "कॉलेजात जाऊन जाब विचार." फोनवर तू "हं" आणि "बरं" यापलीकडे बोलत नाहीस, म्हणून लिहितेय.

तू मला अस्तराचं कापड आणायला दुकानामागच्या गाळ्यात पाठवलंस. कोपऱ्यात ते मोठं झाकलेलं धूड होतंच. लहानपणी तू सांगायचास, "जुनं यंत्र आहे, हात लावलात तर बोट जाईल." मी आता यंत्रांना घाबरत नाही. खोळीची बटणं सोडली, कापड वर केलं, आणि मामा, मी तिथेच जमिनीवर बसले.

डॅटसन झेड! जपानी स्पोर्ट्स कार, तीही पहिल्या पहिल्या वर्षांतली! ते लांबलचक बॉनेट, खोल कोनाड्यांत बसवलेले दिवे, पाठीवरून घसरगुंडीसारखं उतरणारं छप्पर. कॉलेजात असताना हिचं चित्र मी वसतिगृहाच्या खोलीत लावलं होतं. मैत्रिणी विचारायच्या, "हा कोणता हीरो?" आणि ती खरीखुरी, नारिंगी, गंजाचा एक ठिपका नसलेली, माझ्या शिंपी मामाच्या गाळ्यात! या गाड्या बहुतेक गंजूनच संपल्या रे. आमच्या वाहन तपासणी केंद्रात रोज रांग लागते, सगळ्या राखाडी, एकीला झाकावं नि दुसरीला काढावं. ही तशी नाही. आत बसले तर समोरची तीन छोटी घड्याळं चालकाकडे मान वळवून बघत होती, जणू विचारत होती, "निघायचं ना?"

तेवढ्यात तू दारात. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. ओरडता येईना म्हणून नुसते डोळे वटारलेस. टाचण्या काढल्यावर पहिला प्रश्न कोणता, तर "हात धुतलेस का?"

कोणाची आहे ती? आणि मला ती सुरू करून बघू देशील का? देशीलच ना?

तुझी भाची


११ फेब्रुवारी

इंजिनिअरबाईंस आशीर्वाद.

नाही देणार. आता कारण सांगतो.

तुझ्या जन्माआधी आमच्याकडे गुरांच्या डॉक्टर म्हणून एक बाई आल्या. ही गाडी त्यांनी आपल्या देशी परत निघालेल्या एका परदेशी पाहुण्याकडून घेतली होती. लोक अशी गाडी मिरवायला ठेवतात. या बाईंच्या गाडीत मागे कधी वासरू, कधी शेळी, आणि कायम एक कुत्रा. त्या कुत्र्याने सीट फाडली. सीटा शिवणाऱ्यांनी "असलं काम होणार नाही" म्हणून हात वर केले. तेव्हा बाई माझ्या दुकानात आल्या नि म्हणाल्या, "तुम्ही कोट शिवता ना? मग हा बसायचा कोट समजा." काम घेतलं. दोन सीटांच्या मधे कापूस भरून तिरक्या चौकटी शिवल्यात, पाहिल्यास? त्यातला अर्धा भाग जपानचा आणि अर्धा माझा. कोणता कोणाचा ते ओळख, मग मानेन तुझी पदवी.

पुढे बाईंची बदली झाली, घाटावरच्या गावी. सरकारी जीप न्यायला आली. पेट्या चढल्या, कुत्रा चढला. बाईंनी जीपमधून वाकून किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "गाडी... जपून." मधे आणखी काही बोलल्या असतील. पण जीप घुरघुरत होती, कुत्रा भुंकत होता, माझ्यापर्यंत दोनच शब्द आले. मला तेवढे पुरले.

तेव्हापासून जपतोय. खोळ विरली की नवी शिवतो, आतून फलालीन, आरशांना वेगळे खिसे. चालवण्याचा प्रश्नच नव्हता. मला सायकलसुद्धा धड येत नाही.

आणि आनंदाची बातमी ऐक. एप्रिलच्या मध्यावर आमच्या गल्लीच्या तोंडाशी नगरपालिका लोखंडी खांब पुरणार आहे. वाहनं कायमची बंद. धूळ नाही, कोणाचा धक्का नाही. नारिंगी आता सुखात राहील.

ताईला सांग, तिचे दोन्ही ब्लाउज झालेत.

मामा


१५ फेब्रुवारी

मामा!

ही आनंदाची बातमी? खांब पुरले की नारिंगी त्या गल्लीतून कधीच बाहेर येणार नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का? तू तिला जपत नाहीयेस, भिंतीत चिणतोयस!

रागावू नकोस. जरा शांतपणे सांगते. गाडी उभी राहिली की आतून मरते. पेट्रोलचा चिकट डिंक होतो, रबरं कडक होतात, इंजिनातले धातूचे भाग एकमेकांना चिकटून बसतात. बाहेरून ती नवरीसारखी दिसेल आणि आत काही उरलेलं नसेल. गिऱ्हाइकांना तू स्वतः काय बजावतोस? "कोट घालत जा, नाहीतर घडीवर विरेल." मग?

माझी एवढीच मागणी आहे. किल्लीला हात लावणार नाही. इंजिनात थोडं तेल सोडून ते पान्याने, हाताने फिरवून बघू दे. जाम झालं असेल तर मी निमूट घरी जाईन आणि पुन्हा विषय काढणार नाही. फिरलं तर मात्र आपण बोलू.

त्या डॉक्टरबाईंचा पत्ता आहे का तुझ्याकडे? आईला विचारलं तर ती हसली आणि म्हणाली, "त्याला विचार की." नंतर भांडी जोरजोरात घासायला लागली.

मधली शिवण पुन्हा आठवून पाहिली. कोणती अर्धी तुझी ते कळत नाही. हरले.

तुझी भाची


१ मार्च

इंजिनिअरबाई,

तू काल आलीस आणि गेलीस, पण मी अजून गाळ्यातच आहे असं वाटतंय.

तू बॉनेटखाली वाकून पाना ओढलास. आधी काही हललं नाही. मी मनात म्हटलं, सुटलो. आणि मग आतून "सुस्स" असा आवाज आला. झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तसा. तू "फिरलं, मामा, फिरलं!" म्हणून नाचलीस नि कोपर बॉनेटवर आपटून घेतलंस. तुझे हात काळेकुट्ट होते आणि "हात धुतलेस का" असं विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

धुणंपुसणं कर. पेट्रोलची टाकी, तू कार्बुरेटर म्हणतेस त्या दोन झारीसारख्या वस्तू, ब्रेकची रबरं, काय साफ करायचं ते कर. कपडा धुवून ठेवायला माझी ना नाही. पण सुरू करायची नाही. वस्तू माझी नव्हे. ज्यांनी "जपून" म्हटलं त्यांनी स्वतः सांगितलं तर गोष्ट वेगळी, आणि त्या काही सांगायला येणार नाहीत.

पत्ता नाही माझ्याकडे. असता तरी इतक्या वर्षांनी कोणी असं लिहितं का?

मामा


४ मार्च

माननीय डॉक्टरबाईंना सप्रेम नमस्कार.

आपण मला ओळखत नाही. पशुवैद्यकीय खात्यात विचारत विचारत आपला पत्ता मिळवला. निवृत्त होऊनही आपण घाटावरच्या त्याच गावी राहता आणि गावातल्या साऱ्या शेळ्या आपल्याला ओळखतात, असं खात्यातले कारकून म्हणाले.

ज्या शिंप्याने आपल्या गाडीची सीट शिवली, त्याची मी भाची. आपण निघताना त्याला "गाडी जपून" असं सांगितलंत. त्याने ती जपली आहे. खरंच, डॉक्टरबाई, इतकी जपली आहे की बघून रडू येईल! त्याला स्वतःला गाडी येत नाही, आणि मधल्या शिवणीतली त्याची अर्धी बाजू कोणती, ते मला अजून ओळखता आलेलं नाही. पण एप्रिलमध्ये गल्ली बंद होतेय आणि मामा म्हणतो, आपण सांगितल्याशिवाय गाडी हलणार नाही. आपण दोन ओळी लिहाल का?

हे पत्र मी मामाला न विचारता लिहिते आहे. चुकत असेन तर क्षमा करा.


१२ मार्च

मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग उभी राहून मोठ्याने वाचलं. कुत्री गोंधळली. माझी गाडी अजून आहे? नारिंगी? मी तर समजत होते की तिचे केव्हाच पत्रे झाले असतील!

आता तू नीट बसून ऐक. मी "गाडी जपून" म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते, "गाडी घेऊन या. घाटात जपून."

त्या कुत्र्याच्या नावाने आता काय बोलू!

आणि तुझ्या मामाला गाडी येत नाही, हे तुला कोणी सांगितलं? मीच शिकवली आहे त्याला, दवाखान्यामागच्या मैदानात, सुट्टीच्या दिवशी. सुईत दोरा ओवताना करतो तशी जीभ दातांत धरून चालवायचा. गिअर असा बदलायचा की कळायचंही नाही. मी गिअर घातला की मागची शेळी ओरडायची, त्याच्या वेळी झोपलेली असायची. परवानासुद्धा मीच काढायला लावला. मधल्या शिवणीतली डावी बाजू त्याची आहे. जपानपेक्षा सरळ.

बदलीच्या गावी गाडी मला न्यायची नव्हती. ती त्याने आणावी, असं मनात होतं. पहिला उन्हाळाभर घाटातून वर येणारा प्रत्येक आवाज ऐकत होते. तो आला नाही. मला वाटलं, नसेल यायचं. मी एकदा विचारलं होतं, पुन्हा विचारणारी मी नव्हे. जनावरं बरी, हो की नाही ते लाथ मारून लगेच सांगतात.

हे त्याला सांगायचं की नाही ते तू ठरव. गाडीच्या कागदांवर मी सही करून पाठवते आहे. बाकी माझं म्हणणं तेव्हाही एकच होतं, आताही तेच आहे.

डॉक्टर


१४ मार्च

प्रिय मामा,

मी तुला न विचारता डॉक्टरबाईंना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर सोबत जोडलंय.

काल मी ते घेऊन बसले होते. मनात आलं, "गाडी चालवा" एवढंच त्या म्हणाल्या असं सांगावं, बाकीचं पत्र ठेवून द्यावं. तू हो म्हणाला असतास, मला नारिंगी मिळाली असती आणि तुला त्रास झाला नसता. पण खरं दडवून तुला त्या सीटवर बसवणं मला जमणार नाही. त्या सीटचा टाका न् टाका तू सरळ घातलायस.

तुला राग आला तर माझ्यावर काढ. तुझ्या जपण्याला मी कधीही चूक म्हणणार नाही. ती गाडी आज जिवंत आहे ती त्यामुळेच.

उत्तर लवकर दे. फोन केला तर "हं" म्हणू नकोस.

तुझी भाची


२२ मार्च

इंजिनिअरबाई,

तू रोज फोन केलास आणि मी उचलला नाही. काल ताई येऊन गेली. पत्र वाचलं, माझ्याकडे बघितलं नि म्हणाली, "बहिणीचं कधी ऐकलं नाहीस, बाईचंही नीट ऐकलं नाहीस. कान आहेत की काजं?" मग स्वतःच रडली. मला तिला चहा करून द्यावा लागला.

म्हणजे सगळा दोष कुत्र्याचा. आता तो नसेल, नाहीतर समोर बसवून विचारलं असतं.

पण तू खरं लिहिलंस, तर मीही खरं लिहितो. "घेऊन या" हे शब्द मला ऐकू आलेच नाहीत, की ऐकू आले आणि मी ते नीट घेतले नाहीत, हे आता माझं मलाच सांगता येत नाही. त्या शिकलेल्या, मी कापड बेतणारा. "जपून" हा शब्द बरा होता. तो घेऊन घरी बसता येतं.

सायकल येत नाही हे खरं आहे. गाडी येते. परवाना मुदत संपली की दर वेळी नवा करून घेत आलो. कशासाठी, असं तिथल्या कारकुनाने विचारलं की म्हणायचो, असू द्या.

चालकाच्या सीटचा एक टाका उसवलाय. तो घालून घेतो, मग सुरू कर.

आणि एक. मागे कुत्र्यासाठी गादी शिवून न्यावी का, हे बाईंना विचारून घे. तू विचार, मी नाही विचारणार.

मामा


३ एप्रिल

डॉक्टरबाई, डॉक्टरबाई!

सुरू झाली! कुठून सांगू!

नवी बॅटरी बसवली, ताजं पेट्रोल घातलं. किल्ली मामाच्या हातात, चोक माझ्या. पहिल्यांदा नुसती खोकली. दुसऱ्यांदा खोकून शिंकली आणि मागून एवढा धूर आला की शेजारचा घड्याळवाला बादली घेऊन धावत आला. मामा म्हणाला, "राहू दे, दमली असेल." मी म्हटलं, "आणखी एकदाच!" तिसऱ्यांदा एक सिलिंडर लागला, मग दुसरा, आणि एकदम सहाच्या सहा! तो आवाज! आमच्या केंद्रात मी दिवसभर इंजिनं ऐकते, पण असं गाणारं ऐकलं नव्हतं. गाळ्यातल्या बटणांच्या बरण्या फडताळावर थरथरत होत्या. मामा स्टीअरिंगवर हात ठेवून बसला होता, जीभ दातांत!

गल्लीच्या तोंडाशी खांबांचे खड्डे खणून झालेत आणि माती रस्त्यात पडली आहे. मामा उतरला, गळ्यातला टेप काढला, वाट मापली, मग गाडी मापली. म्हणाला, "काखेत जरा घट्ट होईल, पण जाईल." आणि गेली! दोन्हीकडून बोट शिरेल एवढीच जागा होती. सगळी गल्ली टाळ्या वाजवत होती. आई म्हणाली, "ही दारात उभी होती आणि मी माझ्या लग्नाला चालत गेले!" मामा म्हणाला, "तू मागितली नाहीस." "तू दिली असतीस?" "नाही."

आमच्या केंद्रात तिची तपासणी केली. सगळे हातातलं काम टाकून आले. ब्रेक, दिवे, धूर, सगळ्यांत पास. मामाच्या गाडीला भाचीने शिक्का मारू नये, म्हणून तो साहेबांनी मारला.

आम्ही आठ तारखेला येतोय. सपाटीवर मामा चालवेल. घाट मात्र माझा! त्याने तसा शब्द दिला आहे. तेव्हापासून मला झोपेतही वळणं दिसतात. आयुष्यात एकदा ही गाडी घाटात चालवायची, एवढीच माझी इच्छा होती, आणि ती पाच दिवसांवर आली आहे.

गादी शिवून तयार आहे. कुत्री किती आहेत ते आपण कळवलं नाहीत, म्हणून मोठीच शिवली आहे.

आपली,
इंजिनिअर मुलगी


८ एप्रिल, घाटाखालचा पेट्रोल पंप

प्रिय मामा,

तू चाकांत हवा भरून घेतोयस, तोवर घाईघाईत लिहिते आहे. अक्षर समजून घे.

सकाळपासून मी तुझ्या शेजारी बसून बघत होते. पहिल्या चौकात तू दोनदा गाडी बंद पाडलीस आणि तिला "माफ कर" म्हणालास. मोकळ्या रस्त्यावर तिसरा टाकलास, चौथा टाकलास, आणि इंजिनाचा सूर एकदम बदलला, तेव्हा तू हसलास. तुला असं हसताना मी पाहिलेलं नाही. एक ट्रकवाला मान बाहेर काढून ओरडला, "काका, विकता का?" तू ओरडलास, "शिवून देतो!" तुला काय म्हणायचं होतं ते त्यालाही कळलं नाही नि मलाही, पण आपण पुढच्या वळणापर्यंत हसत होतो.

मग इथे थांबलास आणि शब्द दिल्याप्रमाणे किल्ली माझ्यापुढे धरलीस. "घाट तुझा." मी हात पुढे केला. किल्ली घेतली, पण तुझी बोटं लगेच सुटली नाहीत. ते तुझ्या लक्षातही आलं नसेल. आणि वर म्हणालास, "तू चालव. मी आपला मागे गादीवर बसतो." का रे? उतरायची वेळ आली की भाचीमागे लपता यावं म्हणून?

त्या बाईंनी मला बोलावलं नव्हतं. मी गाडी चालवत वर गेले तर त्यांच्या दारात भाचीने आणलेला मामा उतरेल. त्यांनी उन्हाळाभर ज्याची वाट पाहिली तो कोणी आणलेला नव्हता, तो स्वतः येणारा होता.

घाट मला हवा आहे, मामा. खोटं कशाला बोलू, समोर ते पहिलंच वळण दिसतंय आणि पाय शिवशिवतायत. तो मला परतीला दे, किंवा पुढच्या वर्षी. ही गाडी आता थांबणारी नाही, मला मिळेलच.

माझी पिशवी मी मघाशीच काढून घेतली. पलीकडे उभ्या असलेल्या, खाली शहराकडे जाणाऱ्या बसमध्ये मी बसले आहे, तिकीट काढून झालंय, ड्रायव्हर चढलाय. ही चिठ्ठी आणि किल्ली कंडक्टर तुझ्या हाती देतील. मागे वळून बघू नकोस, मी उतरणार नाही. किल्लीला हात लावण्याआधी मी हात धुतले होते.

जपायचं म्हणजे काय, ते मला अजूनही सांगता येत नाही. बाईंना विचार. आणि कोणी मधे भुंकायच्या आत पुन्हा एकदा पूर्ण वाक्य नीट सांगते.

गाडी घेऊन जा. घाटात जपून.

तुझी भाची